धुऱ्यावरची तूर

रूटचं शेल कापगते सरांनी ठरवलं होतं,
भात गिरणीत हे मशीन आलं त्या दिवशी.
नुसतं श.
रंग नाहीत, वरचा बाण दाबून
मागची ओळ परत येणं नाही.
चुकलं की चुकलं, पुन्हा पहिल्या अक्षरापासून.

"सर, किती जुनंपुरानं," मी म्हटलं होतं.
"राहू दे वं माय. वाईट दिवसासाठी आहे थे."

ते रिटायर झाले त्याच्या पुढच्या सोमवारी
मी ती ओळ बदलली.
फिश. तलावाच्या गावाला शोभेल असं नाव.
अर्धा शब्द टाकला की उरलेला
फिकट राखाडी होऊन समोर पोहत येतो.
दिवाळीपर्यंत मी स्वतःवर खूष होते.

मग हलका धान आला.
आवारात ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर,
टोकन चौसष्टवर वीज गेली, आली, परत गेली.
मशीन उठलं. दुसरी डिस्क उठली नाही.
पासवर्ड मागितला, दिला, बरोबर होता,
आणि मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं:
शेल सापडत नाही.
सापडणार कसं,
मासोळी दुसऱ्या डिस्कवर राहत होती.

चौकीदार दिघोरे मोबाइलची बॅटरी धरून उभा.
"चाबी हरपली का मॅडम?"
चाबी आहे, दिघोरेभाऊ. दारही उघडतंय.
आत पाय ठेवायला जमीन नाही.
बाहेर कुणीतरी तणसाचा जाळ केला होता,
मफलर बांधलेली माणसं काट्याकडे नाही,
माझ्या खिडकीकडे बघत होती.

रात्री पावणेअकराला सरांना फोन.
"एकट्याच्या मोडात चालू कर.
थे विचारन, कोनतं शेल पायजे.
काही नोको लिहू. नुसतं एन्टर दाब."

काही न लिहिता एन्टर दाबणं
मला आजवर कधी इतकं जड गेलं नव्हतं.

आणि काळ्या पडद्यावर ते चिन्ह,
दोन आडव्या रेघा, दोन उभ्या:
चारी बाजूंनी धुरे, मध्ये एक बांधी,
रिकामी, माझी.

डिस्क तपासायला वीस मिनिटं लागली.
रूटला श परत द्यायला एक.

फिश मी टाकून दिलं नाही.
दुसरं खातं केलं, नंबर तोच, शून्य,
अधिकार तेच, नाव फक्त उलटं:
रूटची इंग्रजी अक्षरं शेवटापासून लावली
तर तूर होते.
दिघोरेला वाचून दाखवलं तर तो हसला.
"बराबर आहे नं. धान बांधीत, तूर धुऱ्यावर.
धुऱ्यावरची वाळली तं वाळली."

सकाळी सरांना सगळं सांगितलं,
माझी चूकही, आडवळण न घेता.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"कितव्या टोकनापर्यंत काटा झाला?"

एकशे बारा.

"मंग झोप आता."