तीन चिमट्या

समुद्र इथून एका रात्रीच्या बसइतका लांब.
मी तो बादलीत कालवला,
नर्मदेच्या नळाच्या पाण्यात, मापानं मीठ घालून,
पिठलं घोटतात तसा लाकडी उलथन्यानं,
आणि स्नेहनगरच्या माझ्या दवाखान्यात
बाकड्यासमोर काचेत ठेवला.
दाढ काढायला आलेल्या माणसाची
भीती कमी होते म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात खडकांवर तपकिरी धूळ बसली.
ओळखीचीच होती. तीस वर्षं हेच खरवडतोय:
आधी न दिसणारा थर, मग दिसणारा,
मग जिभेला लागणारा.
जुना ब्रश घेतला, मऊ दात्यांचा.
दुसऱ्या दिवशी तिथंच, तेवढीच.
पुढं ती गेली, पण माझ्यामुळं नाही.
तिचं खाणं संपलं, एवढंच.

मग हिरवी आली.
केसाळ, लांब, पंपाच्या झोतात डुलणारी.
खरं सांगू, देखणी होती.
पहिल्या प्रवाळाच्या गळ्याशी पोचली
त्या दिवशी नजर उतरली माझी.

नळाचं पाणी बंद केलं.
गाळणयंत्र एक बादली देई, तीन सांडी;
सांडलेल्यानं नलूताईंनी जिनासुद्धा पुसून काढला.
दिवे दहा तासांवरून सहावर.
सहा गोगलगायी मुंबईहून आल्या, ओल्या कागदात,
कुरिअरवाला डबा लांब धरून,
"डॉक्टरसाब, इसमें कुछ चल रहा है."
खडकामागं तोंडाचा आरसा घालून पाहिलं तर
शेवटच्या दाढेमागं असावी तशी
तिथंच तिची खरी वस्ती.

रोज मूठभर उपटायचो.
सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येई.
लखनला पहिल्या दिवशी पेच पडला:
बोटांत धरून पिळली, वास घेतला,
"गीला," म्हणाला, आणि हिरव्या डब्यात टाकली.
एवढ्या स्वच्छ शहरात
घाण मी विकत आणली होती,
हप्त्यावर.

तरी दर रविवारी परीक्षानळी लाल.
सुजलेल्या हिरडीसारखी लाल.
वहीत आकडे, आकड्यांपुढं प्रश्नचिन्हं.

उलगडा शेवगांवकर काकांनी केला,
खालच्या कवळीच्या मापाला आले होते तेव्हा.
मी डब्यातून चिमूटभर दाणे टाकत होतो.
काका म्हणाले, तोंडावर रुमाल धरून,
"आत्ता तुम्ही घातलंत.
मघाशी नलू घालून गेली.
आल्या आल्या मी घातलं."

कुणीच बोललं नाही.
आत निर्जंतुक करायच्या यंत्राची शिट्टी वाजली.

तीन चिमट्या, सकाळ-संध्याकाळ.
प्रत्येकाला वाटत होतं
बाकीचे दोघे विसरत असतील.
मासा एक, बोटभर, नारिंगी,
काचेशी येऊन तोंड उघडणारा;
या गावात तसं तोंड उघडलं
की पोहे मिळतात, वर शेव न मागता.
त्याचं न खाल्लेलं सगळं खाली बसलं,
सडलं, आणि हिरवं होऊन उगवलं.

डबा कापसाच्या कप्प्यात, कुलपात.
एकच चिमूट, एक दिवसाआड.
"म्हणजे उपाशी ठेवायचं?" काकांनी विचारलं.
"उपाशी नाही. मोजून."
"मोजून," ते म्हणाले, "मला तुम्ही
चार महिने मऊ भातावर ठेवलंय, डॉक्टर.
मला शब्द शिकवू नका."

सावकाश फिकी पडली ती.
आधी टोकं पांढुरकी, मग मुळं सैल.
ब्रशाला आपण होऊन येऊ लागली.
पंपामागं एक झुपका अजून आहे, राहू दे.
रात्री एखादी गोगलगाय पाठीवर पडते,
उलटता येत नाही तिला;
सकाळी पहिलं काम तेच, बाही वर करून.

काकांची कवळी केव्हाच बसली, छान बसली.
तरी गुरुवारी येतात, काचेसमोर बसतात,
पाण्याकडं बघत.
मी आत गेलो की
हात सदऱ्याच्या खिशाकडं जातो त्यांचा.
आरशात दिसतं मला.

या रविवारी नळी
जराशी गुलाबी होती.