एकोणचाळीस मिनिटं

बेवारस, असा शेरा होता त्याच्यावर.
आमच्यात असंच म्हणतात, सांभाळणारा गेला की.
तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता.
काळाचौकीच्या दुसऱ्या मजल्यावर
भांडी विसळून झाल्यावर, ओल्याच हातांनी,
मी नाव नोंदवलं : आजपासून हे माझ्याकडे.

छोटंसंच पॅकेज. जुन्या शहरांच्या जुन्या वेळा.
आधी केरसी सुखिया बघायचे, ताडदेवचे.
भेट नाही, फोन नाही.
फक्त त्यांच्या नोंदी, प्रत्येक बदलाखाली एक ओळ,
पोस्टकार्डावर जागा पुरवून लिहिल्यासारखी :
"स्वल्पविराम राहिला होता. माफी."
"कलकत्त्याचे सेकंद दुरुस्त केले. आता झोपतो."
आणि शेवटची,
"डोळ्याचं ऑपरेशन आहे. आल्यावर बघतो."

आई विचारते, याचे किती देतात?
काही नाही.
मग शिव्या तरी?
त्या येतात. वेळेवर येतात.
परवाच एक आली ब्राझीलहून, ठळक अक्षरांत.

आज चौदा होती. चौदा पॅकेजं, चौदा नव्या आवृत्त्या.
काम तसं नळाचा वॉशर बदलण्यासारखं :
आकडा वाढवायचा, बेरीज ताडून पाहायची,
बांधायचं, आणि गळतंय का बघत बसायचं.
तेरा झाली. खाली पानवाल्यानं शटर ओढलं.
चौदावं अडलं.
एक टेस्ट लाल.

अपेक्षित : सात वाजून एकोणीस.
मिळाले : सहा चाळीस.

शोधत गेले मागे मागे.
ज्या मोठ्या संग्रहाला टेकून हे आमचं उभं,
तिथं कुणीतरी साफसफाई केली होती.
एक ओळ काढली, कोणी वापरत नाही म्हणून.
मुंबईची वेळ.
देशाचं घड्याळ एक झालं तरी हे शहर
वर्षानुवर्षं अडून बसलं होतं एकोणचाळीस मिनिटं मागे,
आमच्या डोक्यावर ऊन येईल तेव्हाच बारा, म्हणत.
भांडण कधीच मिटलं. उरली होती ती एक ओळ.

टेस्ट उघडली. केरसींनी उदाहरणाला घेतलेली तारीख :
नऊ नोव्हेंबर एकोणीसशे अडतीस,
सकाळी सहा चाळीस, मुंबई वेळ.
शेजारी शेरा,
"मेहरूचा जन्म. डॉक्टरनं घड्याळ बघून सांगितलेला. चुकू देऊ नका."

कोण मेहरू? बहीण? बायको?

टेस्ट पुसली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम.
सगळं हिरवं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.
बोट तिथं गेलंही होतं, खोटं कशाला बोलू.

मग ओळ परत लिहिली, आमच्याच बाजूला,
ठिगळ म्हणून,
दुपट्याला आतून लावतात तसं, टोचणार नाही अशा टाक्यांनी.
वरच्यांनाही कळवलं, सभ्य भाषेत,
की वापरतं कोणीतरी.
पंखा फिरतोय, यंत्र बांधतंय,
आईनं पलीकडे कूस बदलली.

हिरवं.

नोंदीत काय लिहावं सुचेना.
"मेहरूची वेळ जागेवर ठेवली," लिहिलं,
खोडलं, परत तेच लिहिलं.
आता हे कुठे कुठे उतरेल,
कुठल्या दवाखान्यात, कुठल्या पत्रिकेवाल्याच्या टेबलावर,
कळायचं नाही.
कळलंच तर तक्रार असेल.

एक वाजून वीस. साडेपाचला पाणी येतं.
लॅपटॉप मिटताना हिशेब केला :
केरसींच्या घड्याळात अजून पाऊणही वाजला नव्हता.
तेवढी झोप
जमेला धरली.