काटा

आगारोच्या बाजारात सव्वीस वर्षं
मी कॉफी जोखली.
तांबडी, ओली फळं, टोपल्यांनी यायची
आणि मालाच्या पारड्याखाली
माझी करंगळी. नुसती टेकलेली.
पाहणाऱ्याला वाटावं, सावरतोय बिचारा.

मग तीच करंगळी थरथरू लागली.
तिच्यामागून हात.
जिम्माच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पांढऱ्या, नंतर पिवळ्या.
अयेलेच म्हणाली, गोळ्या पुरे, झऱ्यावर जा.

मिकाएलच्या झऱ्यावर सात दिवसांचा नेम.
तिसऱ्या प्रहरापर्यंत पोटात काही नाही,
तरस ओरडायचे थांबले की अनवाणी उतरायचं
निलगिरीच्या पानांवरून.
अब्बा त्सिगे पिवळ्या कॅनमधून पाणी ओततात
आणि अंगातलं सगळं एकदम आत पळतं.
शेजारी एक शिपाई रडायचा, आवाज न करता.
एक बाई किंचाळायची, आणि मग
आपला शेला नीट घडी घालून ठेवायची.

चौथ्या दिवशी पापांगीकार.
मी सांगितलं : रागावतो. उपासात एकदा मांस खाल्लं.
भावाच्या वाटणीत गप्प बसलो.
चिल्लर मोजून दिली,
मोठी नोट आतल्या खिशात.

अब्बांनी विचारलं, धंदा काय?
जोखतो.
त्यांनी हातातला लाकडी क्रूस माझ्या हातात दिला.
किती भरेल?
अर्ध्या छटाकाचा फरक डोळे मिटून सांगणारा मी,
मला सांगता येईना.
क्रूस हलत होता, की मी,
की दोघांखालची जमीन.
मग बोललो. करंगळीपासून सुरुवात केली.

वाटलं, आता क्रूस कपाळाला लावतील, मोकळं करतील.
अब्बा डबा बुडवत राहिले.
म्हणाले, पाणी इथं रोज आहे.
तू म्हणतोस ती म्हातारी रोज नाही.

बोगालेच लाकडं फोडत होती.
मी अंगणातच पैसे मांडले : अकरा हंगाम, टोपलीमागे पाव किलो,
वर व्याज, वर जे मला सुचलं ते.
तिनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही.
मला ठाऊक होतं, म्हणाली.
मग माझ्याकडेच का यायचीस?
बाकीचे दोन बोटं लावायचे.

मी हसलो नाही. ती हसली,
दात नसलेलं, लांबलचक,
आणि पैसे पदरात घेतले, मोजून. दोनदा.
मग शेगडीवर बिया टाकल्या.
पहिला पेला माझ्या हातून सांडला.
दुसरा तिनं धरला, मी प्यालो,
लहान पोरासारखा, तिच्या मनगटाला धरून.
तिसऱ्याला आशीर्वादाचा पेला म्हणतात आमच्यात.
त्याच्या वेळी ती काहीच बोलली नाही.

हात अजून थरथरतो.
काटा आता तिचा नातू धरतो,
मी फक्त आकडा ओरडतो, दोन्ही हात पाठीमागे.
वहीत बेचाळीस नावं उरलीत.
गेमेचू वारला. त्याच्या मुलाचा पत्ता कुणाकडे नाही.
देरिबेनं पैसे फेकून मारले, कुत्रं सोडलं;
तिच्या दारात पुन्हा जायचंय.

रात्री अयेलेच विचारते, बरं वाटतं का?
झोप लागते, मी सांगतो.
सातातले तीन दिवस
अजून झऱ्यावर बाकी आहेत.