पितळी सोऱ्या

टूरची मंडळी गुंफा बघायला गेली, बरोबर भाकरवडीचे पुडे.
माझं पोट बिघडलेलं, म्हणून मी मागे राहिले,
आणि श्रीलंका मला भेटली
करुणावतीच्या स्वयंपाकघराच्या मागल्या दारानं.

तिनं बेलाची वाळकी फुलं उकळली,
चावायला गुळाचा खडा दिला.
मी म्हटलं, बेल आमच्याकडे शंकराला.
ती काहीतरी म्हणाली आणि कप पुढे सरकवला.
दोन दिवसांत आम्ही,
एकमेकींचं एक वाक्य न समजता,
भांडलोसुद्धा :
खोबरं किती बारीक खवावं, यावरून.

बाजारात मी तिच्यामागे, पिशवी धरून.
नारळवाला म्हणाला, "देका?"
मी म्हटलं, "अरे, दे की!"
त्यानं दोन दिले.
देका म्हणजे दोन.
करुणावती हसत हसत फळीवर बसली,
मासेवालीला सांगितलं, तिनं पलीकडच्या पानवाल्याला,
आणि सत्तावीस वर्षं बँकेत नोटा मोजलेली मी
दोनच्या आकड्याला अडून
लाल होऊन उभी.

निघताना तिनं तिचा सोऱ्या दिला, पितळेचा,
तांदळाच्या शेवया पाडायचा.
मी हात जोडले, जाते म्हणायला खूण केली,
तर तिनं माझा हात खाली केला.
गिहिन् एन्नम्, म्हण.
गाइडनं अर्थ सांगितला : जाऊन येते.
मला आई आठवली,
उंबऱ्यात उभी राहून, जाते काय म्हणतेस गं,
येते म्हण.

लोहगावच्या पट्ट्यावर बॅग आपटली,
सोऱ्याची चकती चेपली.
नारायण पेठेतून तांबट आळी चालत बारा मिनिटं.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
एकदाही गेले नव्हते.
आळी दिसायच्या आधी ऐकू येते.

पोटफोडे म्हणून एक जण होते, सत्तरीचे,
मांडीवर गोणपाट, कानात कापूस.
सोऱ्या हातात घेऊन फिरवला,
नखानं वाजवला,
आतली भोकं उजेडाला धरून पाहिली.
"ओतीव आहे. चांगल्या हातचा.
तिकडचे कारागीर भांडं पायात धरतात,
की खुंट्यावर चढवतात?"

मला माहीत नव्हतं.
काय खाल्लं ते सांगितलं, पानावर कसं वाढतात तेही,
बेलाच्या फुलांचं तर दोनदा सांगितलं.
ते ऐकत होते, ठोकत होते.
"पण धरतात कसं?"

बसायला हंडा पालथा करून दिला.
समोर त्यांचा पुतण्या एका घंगाळाला मठार देत होता,
ठोक्याशेजारी ठोका, ओळीनं,
न बघता, शेजारच्याशी क्रिकेटवर बोलत.
मी विचारलं, चुकत नाही का?
"चुकतं ना. मग ते घरात वापरतो."
त्यांच्या घरी म्हणे एक सरळ भांडं नाही.
चहा आला तो ज्या पेल्यातून,
त्याला खरंच एक गाल फुगलेला होता.

पैसे विचारले.
"आधी शेवया पाडा. नीट पडल्या तर बघू."
चकती सपाट झाली होती, पण कडेला
हातोडीची एक नवी खूण राहिली,
करुणावतीला दिसली असती तर
तिनं नक्की भांडण काढलं असतं.

मी उठले. चपला शोधल्या.
तोंडात दोन्ही वाक्यं एकदम आली,
बाहेर पडलं ते आपलं नेहमीचं : "येते हं."
"या," ते म्हणाले, वर न बघता.

कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मागे
हातोडी पडली. थांबली. पुन्हा पडली.
एक, मी मोजलं.
देका.