सुरगाठ

भरमू, हात इकडं आण.
दाव्याचा एक वेढा दे मेखेभोवती.
आता टोक सगळं ओढून काढू नकोस,
दुमडून अर्धंच खुपस,
कानासारखं बाहेर राहू दे.
हां. आता तो कान ओढ.
बघ.

याला सुरगाठ म्हणतात.
दुधगावात तशी ती सगळ्यांना येते,
फक्त आमच्या घरात नव्हती.
सासरे निरगाठ मारायचे,
दावं भिजवून, पायाचा अंगठा रेटून,
आणि पारावर विचारायचे,
पाटलाच्या गोठ्यातलं जनावर
आजवर कुणाच्या उसात दिसलं का?
नव्हतं दिसलं.

त्या दिवशी जेवणं दिवस असतानाच उरकलेली.
वारणेकडून डास उठायची वेळ.
धुरी मीच केली, रोजच्यासारखी,
फुटक्या घमेल्यात दोन शेणी, वर ओला लिंब.
म्हशींना रात्री डोळा लागावा म्हणून.
कडब्याची गंज गोठ्याच्या कुडाला टेकलेली,
का, तर वैरण टाकायला चार पावलं कमी.
वारा फिरला.
बाकी काही झालं नाही रे, वारा फिरला.

आग आधी ऐकू येते, हे मला ठाऊक नव्हतं.
कुणीतरी पापडांची अख्खी चळत
बुक्कीनं मोडत बसल्यासारखं.
मग धूर, मग छपराचा पत्रा तडतडला.
चार म्हशी, चार निरगाठी,
आणि माझी दहा बोटं, जी अचानक
दुसऱ्याच कुणा बाईची झाली.
जनावर मागं ओढतं, गाठ आणखी आवळते.
दोन नखं गेली. गाठ नाही गेली.
सुकुमार विळा घेऊन धावला,
त्यानं सपासप दावी कापली,
आणि अंगणात मी मोजल्या:
एक, दोन, तीन, चार.
चारी बाहेर. मी खाली बसले.

तेवढ्यात गवरी वळली.
सरळ जळत्या दारातून आत गेली,
आपल्या दावणीपाशी, आपल्या जागेवर,
नदीवरून आल्यावर रोज जायची तशी.
भ्यालेलं जनावर घरीच जातं, भरमू.
त्याला काय माहीत, घरच पेटलंय.
आम्ही दाराला फळी लावली नव्हती.
तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकून
तिला लांब, चिंचेला नेऊन बांधलं नव्हतं.

कारखान्याचा बंब आला, नाही असं नाही.
पण बोळात उसाची ट्रॉली आडवी,
आणि ड्रायव्हर तालमीमागं पत्ते खेळत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खरमाटे आले.
म्हैस, मुऱ्हा, वेत तिसरं, असं लिहीत गेले.
कारणाच्या रकान्यापाशी थांबले,
मान वर न करता म्हणाले,
शॉर्टसर्किट लिहू का, काकी?
सगळे तेच लिहितात.
मी म्हटलं, धुरी लिहा.
बराच वेळ पेन कागदावर टेकून होतं.

म्हणून गंज आता ओढ्यापलीकडं आहे.
तू शिव्या देशील मला,
डोक्यावर भारा, पायात चिखल. दे.
वायरी इलाही मिस्त्रीनं पायपातून नेल्यात,
त्यावर ओलं फडकं वाळत घालू नकोस.
दारातल्या पिंपातलं पाणी
कितीही नड असली तरी भांड्यांना नाही.
आणि आता डोळे मीट.
मीट म्हणते ना.
धुरात डोळे मिटलेलेच असतात.
आता सोड चौघींना.
मी अंक मोजते.

एक सांगायचं राहिलं.
गवरीची रेडी, ती कोपऱ्यातली, चिमी,
तिला जिभेनं कान ओढायचं कळलंय.
परवा पहाटे बाळगोंडाच्या फडात सापडली.
तो दारात येऊन गरजला,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं,
पाटलाच्या गोठ्यातलं जनावर!
मी हात जोडले.
मोडलेल्या उसाचे पैसे दिले,
वर तांब्याभर दूध.
रात्री तिला परत बांधलं.
तसंच.
कान बाहेर ठेवून.