नाळे बा

पाच विषयांपुढे आकडे आहेत.
केमिस्ट्रीपुढे एक आडवी रेघ.
नापास नाही, गैरहजरही नाही,
नुसती रेघ.

पेपर मी लिहिला होता.
पुरवणी बांधायला दोरा संपला म्हणून
सुपरवायझर बाईंनी पदराची टाचणी काढून दिली होती.
ती टाचणी तपासताना कुणाला तरी टोचली असेल ना?
कुणाच्या तरी बोटाला माहीत असेल
की मी होते.

कोल्हापूरच्या कॉलेजनं मला घेतलंय,
तात्पुरतं.
फार्मसीच्या हजेरीपटावर एकोणसाठ नावं शाईत
आणि साठावं पेन्सिलनं:
घाडी मनाली परशराम.
सर नाव घेतात, मी ‘प्रेझेंट’ म्हणते,
जरा जास्तच जोरात.

पत्रात लिहिलंय, वीस तारखेपर्यंत
मूळ गुणपत्रक न आल्यास प्रवेश रद्द समजावा.
कुणी समजायचा, ते लिहिलेलं नाही.

मामा म्हणतो, हे सगळं सीमेमुळं.
मामाचं सगळंच सीमेमुळं,
गुडघासुद्धा.
मी म्हणते, मामा, हा केमिस्ट्रीचा पेपर आहे.
मग बेळगावच्या ऑफिसात खिडकी नंबर तीनमधली बाई
स्क्रीन माझ्याकडे वळवते,
स्पेलिंगवर बोट ठेवते.
घाडीतला एच गळलाय कुठंतरी.
मराठीत वाचलं तर मी गाडी,
कानडीत वाचलं तर गडी.
गडी म्हणजे सीमा.
हे मामाला सांगायचं नाही असं मी जिना उतरतानाच ठरवलं.

बाई वाईट नाही. स्टूल दिलं बसायला.
तिच्या मुलीचंही यंदा असंच काही अडलंय म्हणाली,
अर्धं कानडीत, अर्धं माझ्यासाठी.
बेंगळुरूला मेल केलाय. नाळे बा.
उद्या ये.
सोमवारी नाळे बा.
मंगळवारी सर्व्हर डाऊन, नाळे बा.

लहानपणी आत्याच्या गावी, नंदगडच्या पुढं,
दारादारावर खडूनं हेच लिहिलेलं असायचं.
रात्री भूत यायचं म्हणे,
आईच्या आवाजात हाक मारायचं,
दारावरचं वाचायचं
आणि बरं, उद्या येते म्हणून परत जायचं.
आम्ही पांघरुणात हसायचो:
वाचता येतं, तरी रोज तेच वाचून रोज पटतं त्याला!
आता कळतंय.
काखेत झेरॉक्सची फाईल असणार त्याच्या.

बाबा कौलांच्या भट्टीवर असतात, इथंच, खानापुरात.
कौल भाजलं का बघायला बोटाच्या पेरानं वाजवतात.
खणखणीत आलं तर लॉरीत,
बद्द आलं तर बाजूला.
रजा टाकून आले त्या रात्री एकदाच विचारलं त्यांनी,
लिहिली होतीस न्हवं सगळं?
होय म्हटलं.
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
ऐकत असावेत.
मग म्हणाले, जेव आता. आमटी गार व्हायलीय.

आईनं जूनमध्येच गल्लीभर पेढे वाटलेत.
पहाटे तीनला मला वाटतं
ती घरोघर जाऊन एकेक परत मागतेय
आणि माणसं तोंड उघडून दाखवतायत, बघा, नाही.

आज अठरा.
सकाळी सव्वासातची बस, पुन्हा बेळगाव, पुन्हा तीन नंबर.
सगळे झोपलेत.
दप्तराच्या कप्प्यात खडूचा तुकडा सापडलाय, निळा.
दाराला बाहेरून लिहावं का, कानडीत, ठळक?
परवा वीस तारीख येईल,
आईच्या आवाजात हाक मारेल,
वाचेल.

पण ती येणार कोल्हापूरकडून,
कोगनोळीचा नाका ओलांडून.
तिला कानडी वाचता येतं का
कुणास ठाऊक.