खळ

शेक्स्नाचा बर्फ दुभंगला की आईचा फोन येतो.
"नदी सुटली," एवढंच म्हणते, आणि ठेवून देते.
म्हणजे मी चेरेपोवेत्सहून पहिल्या बसने निघायचं,
रबरी हातमोजे, व्हिनेगर
आणि तिला नको असलेला केक घेऊन.

खिडक्या सात. प्रत्येकीला तावदानं दोन, एकामागे एक,
मधल्या वीतभर पोकळीत कापसाची गादी,
गादीवर र्‍याबिनाची लाल फळं, आता सुकून मिऱ्यांएवढी,
आणि चहाच्या पेल्यात मीठ, ओल पिणारं.
ऑक्टोबरात हे सगळं आत ठेवून
आई चौकटीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवते.
खळ घरीच शिजवते, घट्ट.
दुकानातला गोंद तिच्या मते कुत्र्यालाही चाटवू नये.
मग सहा महिने घर श्वास रोखून बसतं.

शेजारच्या ल्युत्सियाने प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या.
मीही म्हटलं होतं, पैसे मी देते,
नुसतं बोट लावलं की उघडतात.
"बोट लावलं की उघडते ती कसली खिडकी?
हिवाळा गेला हे मनगटाला कळायला नको?"

तर आज.
पागोळ्या टपटपतायत, छपरावरचा बर्फ
जाड पाहुण्यासारखा धप्पकन अंगणात बसतोय.
मी स्टुलावर. आई खाली,
कोमट पाण्याची बादली धरून, मुकादमासारखी.
"भिजू दे आधी. ओरबाडू नकोस, रंग निघेल."
ओलं फडकं दाबायचं, वीसपर्यंत मोजायचं,
मग कोपऱ्यातून पट्टी उचलायची,
खपली काढावी तशी, भीत भीत आणि मजेत.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरवर्षी जिल्ह्याचं वर्तमानपत्र निघतं:
दुधाचे भाव, कुणाची तरी साठी, अर्धा हवामान अंदाज.
यंदा कागद जाड. पांढरा.
पहिल्या पट्टीवर, "सदर घर व त्याखालील जमीन".
दुसरीवर, "खरेदीदारास कोणतीही हरकत".
तिसरीवर माझी सही. निम्मी.
उरलेली निम्मी
झोपायच्या खोलीच्या खिडकीत सापडली, दुपारी.

सप्टेंबरात मीच ठेवून गेले होते हे कागद
साखरेच्या भांड्याखाली.
तुझी तेवढी सही राहिलीय, म्हणाले होते, घाई नाही.
शहरात लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी, दवाखाना खालीच.
डिसेंबरात विचारलं तर म्हणाली, "कुठले गं कागद?"
जानेवारीत म्हणाली, "उंदीर."
मार्चमध्ये मी नवे छापून घेतले.
ते आत्ता पिशवीत आहेत, केकच्या खाली.

मी स्टुलावरून खाली बघितलं.
आई बादलीत बघत होती.
"चांगला कागद," ती म्हणाली,
"एक झुळूक आत आली नाही यंदा."

ओरडायचं होतं मला.
पण हातातल्या ओल्या पट्टीवर लिहिलेलं होतं,
"कापितोलिना येगोरोव्ना, वय वर्षे एकोणऐंशी",
आणि कड कात्रीने अशी सरळ कापलेली
की या हातांना आधार हवाय
असं आता कुणाला पटवू?

आतलं तावदान काढून भिंतीला टेकवलं.
मीठ दगड झालेलं.
कापसात एक लाल, ठिपक्यांचा किडा,
मेलेला समजून तळहातावर घेतला
तर पाय झाडायला लागला.
आईने त्याला कुंडीत सोडलं, न बोलता,
जसं काही तोही दरवर्षीचाच.

मग बाहेरची चौकट. लाकूड फुगून गच्च.
मी ढकललं. आईने ढकललं.
शेवटी दोघींनी खांदे लावले
आणि ती अशी धाडकन उघडली
की आम्ही दोघी खाली चिखलात जायच्या वाचलो.
ओल्या लाकडाचा वास, कुणीतरी मासे तळतंय,
आणि खाली नदी, बर्फाच्या लाद्या
एकमेकींवर घासत, कुरकुरत, निघालेल्या.

"पिशवीत अजून आहे का कागद?"
आईने विचारलं, पाठमोरी, काच पुसत.
"आहे."
"असू दे. न्हाणीघराची खिडकी
राहिली होती यंदा."